सनस्क्रीन डोळ्यात गेलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की हे प्रश्न यायला लागतात आणि ऑक्टोबर हीट संपेपर्यंत येत राहतात. मॅरेथॉनची तयारी करणारे, दुचाकीवरून ऑफिसला जाणारे, मुलांना पोहायला नेणारे आईवडील, सगळ्यांची तक्रार एकच: सनस्क्रीन लावलं की डोळे झोंबतात. आणि बहुतेकांनी त्यावर काढलेला तोडगाही एकच: सनस्क्रीन बंद. तसं करण्याआधी खालची उत्तरं वाचा. डोळा आत्ता या क्षणी झोंबत असेल तर मात्र पहिले दोन प्रश्न वाचा आणि नळाकडे जा.

१. सनस्क्रीन आत्ताच डोळ्यात गेलंय, डोळा उघडवत नाही. आधी काय करू?

डोळा चोळू नका. हात साबणाने धुवा, कारण बोटांवरही तेच सनस्क्रीन असतं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. मग कपाळ, भुवया आणि मिटलेल्या पापण्या ओल्या रुमालाने पुसून घ्या. ही पायरी बरेचजण गाळतात आणि मग कपाळावर उरलेलं सनस्क्रीन धुण्याच्या पाण्याबरोबर पुन्हा डोळ्यातच उतरतं.

आता ज्या डोळ्यात गेलंय त्या बाजूला मान कलती करा, म्हणजे तो डोळा खालच्या बाजूला येईल. नाकाकडून कानाच्या दिशेने पाण्याची बारीक धार सोडा. उलट दिशेने सोडली तर पाणी वाहत दुसऱ्या डोळ्यात जातं. पाणी साधं किंवा किंचित कोमट असावं. मिटलेल्या डोळ्यावर पाणी मारून काही होत नाही, म्हणून खालची पापणी बोटाने हलकेच ओढून धरा आणि धारेखाली डोळ्याची उघडझाप करत राहा.

२. किती वेळ धुवायचं? नळाचं पाणी चालेल का?

दहा ते पंधरा मिनिटं. घड्याळ लावून धुतलं तर कळतं की हा वेळ केवढा मोठा आहे. आपण दोन-चार हबके मारतो, जरा बरं वाटलं की थांबतो, आणि म्हणून चुरचुर तासभर टिकते. सनस्क्रीन तेलकट असतं आणि पाण्याला चिवटपणे दाद देत नाही, तेव्हा घाई करून चालत नाही.

पिण्यायोग्य कुठलंही पाणी चालेल. टाकीचं पाणी गढूळ असेल, बोअरवेलचं असेल तर घरातलं फिल्टरचं किंवा बाटलीतलं पिण्याचं पाणी घ्या. मेडिकलमध्ये मिळणारं निर्जंतुक नॉर्मल सलाइन याहून चांगलं, कारण ते पाण्याइतकं चुरचुरत नाही. पण ते आणायला जाण्यात वेळ घालवू नका. बाटली एकदा फोडली की उरलेलं सलाइन डोळ्यांसाठी साठवून ठेवू नका.

धुऊन झाल्यावर कृत्रिम अश्रूंचे थेंब घातले तर आराम पडतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांतले उत्तम. थेंब धुण्याच्या ऐवजी मात्र नकोत. एका थेंबाने डोळा धुतला जात नाही.

३. आई म्हणते गुलाबपाणी घाल, आजी म्हणते साजूक तूप. मेडिकलवाल्याने वेगळेच ड्रॉप्स दिले. काय घालू?

यातलं काहीही नको. बाजारातलं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं आणि त्यात बऱ्याचदा सुगंधी द्रव्यं असतात. आधीच चिडलेल्या डोळ्यात ती घालण्यात अर्थ नाही. तूप, मध, दूध हे सगळं जंतूंना पोसणारं आहे. पदराचा बोळा तोंडाच्या वाफेने गरम करून डोळा शेकायची आपल्याकडे सवय आहे. मायेने केलेलं असतं, पण शेकताना डोळा दाबला जातो आणि आतलं सनस्क्रीन आणखी पसरतं. शेक द्यायचाच असेल तर धुऊन झाल्यावर, स्वच्छ फडकं गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर नुसतं ठेवा.

मेडिकलमधून सांगून आणलेल्या थेंबांबद्दल जास्त काळजीने लिहावं लागतं. लाली पटकन घालवणाऱ्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असतं. आराम लगेच पडतो, म्हणून बाटली घरात राहते आणि पुढच्या प्रत्येक चुरचुरीला वापरली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्टेरॉइडचे थेंब वारंवार घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि जंतुसंसर्ग असेल तर तो बळावतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक थेंबही घालू नका.

४. सनस्क्रीनने डोळा कायमचा जाऊ शकतो का? व्हॉट्सअ‍ॅपवर तसं वाचलं.

ही अफवा जुनी आहे. व्हॉट्सअ‍ॅप यायच्या कितीतरी आधी इंग्रजी ई-मेलमधून ती फिरत होती: ‘वॉटरप्रूफ’ सनस्क्रीनने लहान मुलं आंधळी होतात. ते खोटं आहे. नेहमीच्या सनस्क्रीनने डोळ्याची आग होते, पाणी येतं, लाली येते, थोडा वेळ धूसर दिसतं. नीट धुतलं की बहुतेकांना काही तासांत पूर्ण बरं वाटतं.

एवढं झोंबतं त्याचं कारण असं की कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे. त्यातल्या मज्जातंतूंची दाटी त्वचेच्या शेकडो पट असते. म्हणून वेदनेच्या मानाने इजा फार कमी असते. त्रास वाढतो तो चोळण्याने, कारण चोळताना कॉर्नियावर ओरखडा उठू शकतो.

खऱ्या रासायनिक अपघाताशी मात्र याची गल्लत करू नका. खायचा चुना, भिंतीचा चुना, अ‍ॅसिड, ड्रेन साफ करायची पावडर यांनी डोळा खरोखर जाऊ शकतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना ती मुलांच्या डोळ्यात फुटल्याच्या घटना आपल्याकडे वारंवार घडतात. तिथे लगेच, त्याच जागी धुवायला सुरुवात करायची, निदान अर्धा तास धूत राहायचं आणि सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं.

५. डॉक्टरांकडे कधी जायचं?

नीट धुऊनही काही तासांत फरक पडला नाही, दुसऱ्या दिवशीही डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही, नजर धूसर राहिली आहे, डोळ्यात काहीतरी सतत टोचतंय असं वाटतंय, पू किंवा चिकट घाण येतेय, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी एवढीही वाट पाहू नये. लेन्स काढून धुतल्यावरही दुखत असेल तर लगेच जा. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी प्रश्न १९ आहे. तपासायला जाताना सनस्क्रीनची ट्यूब बरोबर न्या, डॉक्टरांना घटक वाचता येतात.

६. सकाळी लावते तेव्हा काहीच होत नाही. तासा-दोन तासांनी अचानक डोळे का झोंबतात? मी तर डोळ्यांजवळ लावतच नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ‘मी डोळ्यांजवळ लावतच नाही’ हे खरं असतं. ते तिथे आपणहून येतं.

एक वाट कपाळावरून. कपाळाला भरपूर घाम येतो, घामात सनस्क्रीन मिसळतं आणि ओघळ खाली येतो. भुवया हा ओघळ कानशिलांकडे वळवतात, पण घाम जास्त झाला की त्याही भिजून गळायला लागतात. दुसरी वाट पापण्यांवरून. बऱ्याच सनस्क्रीनमधले घटक तेलात विरघळणारे असतात आणि त्वचेच्या तेलाबरोबर हळूहळू सरकत पापणीच्या कडेपर्यंत पोहोचतात. तिथे अश्रूंचा थर सुरू होतो. त्या थरावर वरच्या बाजूला तेलाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, तो अश्रू उडून जाऊ देत नाही. परकं तेल त्यात मिसळलं की पापुद्रा फाटतो, डोळा लवकर सुकतो, झोंबतो आणि पाण्याने भरून येतो. तिसरी वाट आपल्या हातांची: गालाला लावलेला हात नकळत डोळ्याला जातो.

हवेप्रमाणेही फरक पडतो. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, ओघळतच राहतो, त्यामुळे कपाळाची वाट मोठी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात घाम जागीच उडतो आणि मीठ व सनस्क्रीन यांचा थर भुवयांवर बसतो. मग रुमालाने तोंड पुसलं की तो थेट डोळ्यात. म्हणून तिकडे पुसण्याची पद्धत बदलली तरी अर्धं काम होतं: रुमाल ओला हवा आणि पुसायचं ते भुवईकडून कानाकडे.

७. कोणतं सनस्क्रीन झोंबत नाही?

अजिबात न झोंबणारं असं खात्रीने कुठलंच सांगता येत नाही, कारण डोळे वेगळे असतात आणि फॉर्म्युलेही. पण दिशा सांगता येते.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज फिल्टर, म्हणजे ऊन अडवणारे घटक, तेलात विरघळत नाहीत. त्वचेवर कणांच्या रूपात बसून राहतात, म्हणून सरकतातही कमी आणि डोळ्यात गेले तरी आग कमी करतात. क्रिकेटपटूंच्या नाकावर आणि गालांवर दिसणारा पांढरा लेप झिंकचाच. तक्रारी ज्यांच्याबद्दल जास्त येतात ते सेंद्रिय फिल्टर, ज्यांना दुकानात केमिकल म्हणतात: अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन, होमोसॅलेट, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट. लेबलावर ब्युटाइल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन असं लांबलचक नाव दिसलं तर ते अ‍ॅव्होबेन्झोनच, आणि एथिलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट म्हणजे ऑक्टिनॉक्सेट.

सगळे सेंद्रिय फिल्टर सारखेच झोंबतात असंही नाही. टिनोसॉर्ब एससारखे नवे फिल्टर मोठ्या रेणूंचे आहेत आणि अनेकांना ते सोसतात. खनिज सनस्क्रीनने चेहरा पांढुरका, राखी दिसतो ही आपल्या सावळ्या त्वचेची रास्त तक्रार आहे; त्यावर रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन हा चांगला उपाय. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे वांग असलेल्यांना जादा फायदाही होतो, कारण ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं.

पूर्ण चेहऱ्यासाठी आवडतं सनस्क्रीन सोडायची गरज नाही. गालाला, मानेला तेच ठेवा. कपाळ आणि डोळ्यांभोवती खनिज वापरा. दोन वेगवेगळी सनस्क्रीन एकावर एक मात्र थापू नका, थर गोळे होऊन निघतो.

८. मिनरल घेतलं, तरी झोंबतंच. मग?

ट्यूब उलटी करून घटक वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘झिंक’ लिहिलेल्या बऱ्याच ट्यूबमध्ये मागे सेंद्रिय फिल्टरही असतात. ते नसतील तर सुगंध, अल्कोहोल किंवा एखादं प्रिझर्व्हेटिव्ह बघा. आणि घामातलं मीठही स्वतः झोंबतं; एक दिवस सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, कपाळाला काहीही न लावता व्यायाम करून पाहा. तरीही डोळे तसेच झोंबले तर दोष सनस्क्रीनचा नव्हे. खडा गेल्यासारखं खुपत असेल तर ते खनिजाचे कण असू शकतात, तेही धुतल्याने जातात.

९. लावायची पद्धत सांगा, म्हणजे डोळ्यात जाणारच नाही.

बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. हा वेळ थर बसण्यासाठी आहे आणि तो दारात उभं राहून चपला घालताना मिळत नाही. आधीचं मॉइश्चरायझर किंवा सीरम पूर्ण जिरू द्या. तेलकट थरावर लावलेलं सनस्क्रीन घसरतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर घेतलेल्या दोन रेघा एवढं प्रमाण ठेवा, पण ते दोन वेळा थोडं थोडं लावा. जाड थर एकदम लावला की तो घामाबरोबर सुटतो.

कपाळावर लावताना बोट भुवईकडून वर, केसांकडे न्या. भुवईच्या केसांत सनस्क्रीन चोळू नका. डोळ्याखाली हाडाची कडा हाताला लागते, तिथपर्यंत लावा, त्याच्या वर जाऊ नका. त्या कडेच्या आत पापणीच्या केसांपर्यंत बोटभर जागा मोकळी सोडा. या भागासाठी मेणासारखी घट्ट स्टिक क्रीमपेक्षा बरी, कारण ती उन्हात पातळ होऊन कमी सरकते. शेवटी टिश्यू पेपर कपाळावर हलका दाबून वरचा तेलकटपणा टिपून घ्या, पुसू नका. मग हात धुवा. एवढं करून भुवईच्या वर व्हॅसलिनची किंवा मेणाच्या लिप बामची एक रेघ ओढणारे धावपटू आहेत. घामाचा ओघळ त्या रेघेवरून बाजूला वळतो. रेघ अगदी बारीक हवी, जाड झाली तर उन्हात तीच वितळते.

१०. मग पापण्यांवर लावायचंच नाही का? तिथली त्वचा तर नाजूक असते.

नाजूक असते, म्हणूनच तिचं ऊन अडवायला हवं. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, आणि त्वचेचा कर्करोग तिथेही होतो. लोक हा भाग विसरतात हे मोजूनही झालं आहे: लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ जणांना नेहमीसारखं सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि अतिनील कॅमेऱ्याने चेहरे तपासले. चेहऱ्याचा साधारण ११ टक्के भाग कोरडाच निघाला. एसपीएफ असलेलं मॉइश्चरायझर लावलं तेव्हा तर १७ टक्के. सुटलेल्या भागात पापण्या आणि डोळ्यांचे आतले कोपरे जास्त होते.

ज्यांना सोसतं त्यांनी वरच्या पापणीवर खनिज स्टिक हलकी टेकवावी, पापणीच्या केसांपासून लांब. ज्यांना सोसत नाही त्यांनी ते काम गॉगलवर सोपवावं. गॉगलवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात. काचेचा गडदपणा हा वेगळा मुद्दा आहे. यूव्ही न अडवणारी गडद काच उलट घातक, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. फ्रेम मोठी, बाजूंनी वळलेली असावी. टोपीला चारी बाजूंनी तीन इंचांची कड असेल तर कपाळावर सनस्क्रीन कमी लावूनही भागतं.

११. मी लांब पल्ल्याचं धावतो. मॅरेथॉनमध्ये निम्म्या वाटेवर डोळे उघडत नाहीत. काय करू?

मुंबई मॅरेथॉनचं उदाहरण घेऊ. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, आणि पूर्ण मॅरेथॉन धावणारे त्याच्या बरंच आधी, अंधारात निघतात. पहाटे चारला कपाळाला लावलेलं सनस्क्रीन सूर्योदयाच्या आतच घामाने खाली येतं; पेडर रोडच्या चढापर्यंत त्यातलं कपाळावर फार थोडं उरतं आणि डोळ्यात भरपूर. म्हणून निघताना हात, मान, कान, गाल यांना लावा, कपाळ कोरडं ठेवा. कपाळाचं काम टोपीला द्या. बरोबर छोटी स्टिक ठेवा आणि ऊन वर आल्यावर, एखाद्या पाण्याच्या स्टॉलपाशी कपाळ पुसून कोरडं करून गालावर, नाकावर पुन्हा फिरवा.

घामाची पट्टी म्हणजे हेडबँड किंवा बफ भुवईच्या अगदी वर बांधा, केसांच्या रेषेजवळ नको. ती पूर्ण भिजली की गळायला लागते, तेव्हा लांब पल्ल्याला दोन लागतात. स्टॉलवर डोक्यावर पाणी ओतून घ्यायचा मोह आवरा. ओतायचं असेल तर मान मागे टाकून मागच्या बाजूला ओता, नाहीतर केसांतला आणि कपाळावरचा सगळा घाम एकदम डोळ्यात येतो. मनगटावरचा सुती रुमाल फक्त डोळ्यांसाठी राखून ठेवा, हातांना सनस्क्रीन असेल तर त्या हाताने डोळा पुसू नका. आणि डोळा झोंबायला लागलाच तर थांबा, बाटलीतलं साधं पाणी घेऊन धुवा. एनर्जी ड्रिंकने धुऊ नका, साखर आणि आम्ल दोन्ही झोंबतात.

शर्यतीच्या दिवशी नवं सनस्क्रीन नको. सरावाच्या लांब धावेला वापरून पाहिलेलंच वापरा.

१२. हेल्मेट घातलं की कपाळावरचं सगळं डोळ्यात येतं. गाडी चालवताना फार धोका वाटतो.

धोका आहेच. चालत्या गाडीवर एक डोळा मिटून पुढचा सिग्नल गाठायचा प्रयत्न करू नका. इंडिकेटर देऊन बाजूला घ्या, थांबा, मग धुवा. पाण्याची बाटली डिकीत कायम असू द्या.

हेल्मेट कपाळ झाकतं, तेव्हा त्याखाली सनस्क्रीनची गरजच नाही. गाल, नाक, हनुवटी, मान एवढंच लावा. हेल्मेटचं आतलं अस्तर आठवड्यातून एकदा धुवा; रोजचं सनस्क्रीन आणि घाम त्यात मुरतात आणि भिजलं की पुन्हा कपाळावर उतरतात. आत पातळ सुती टोपी घातली तर घाम ती शोषते. पुण्यात मुली दुचाकीवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, ते उन्हासाठी उत्तम आहे. घट्ट विणीचा स्कार्फ असेल तर झाकलेल्या भागाला सनस्क्रीन लावलं नाही तरी चालतं, पण स्कार्फ रोज धुतलेला हवा.

१३. कॉन्टॅक्ट लेन्स घालते. आधी लेन्स की आधी सनस्क्रीन?

आधी लेन्स, मग सनस्क्रीन. लेन्स घालताना हात पूर्ण स्वच्छ हवेत. तेलकट बोटांचा डाग लेन्सवर बसला की तो सोल्युशननेही नीट निघत नाही.

डोळ्यात सनस्क्रीन गेलं तर लेन्स लगेच काढा. निघत नसेल तर सलाइनने धुवायला सुरुवात करा, सैल झाल्यावर काढा. मऊ लेन्स रसायन शोषते आणि हळूहळू डोळ्यात सोडत राहते. रोजच्या वापराची असेल तर टाकून द्या. महिन्याची असेल तर सोल्युशनने चोळून धुवा, रात्रभर ठेवा आणि घातल्यावर जरा जरी चुरचुरलं तर तीही टाका. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका: पाण्यातल्या अकॅन्थअमीबा नावाच्या जीवाने कॉर्नियाला होणारा संसर्ग दुर्मीळ असला तरी भयंकर असतो. उरलेला दिवस चष्मा वापरा.

१४. चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात गेलं. तो डोळा उघडूच देत नाही, किंचाळतोय.

त्याला टॉवेलमध्ये हात आत घेऊन गुंडाळा, मांडीवर आडवं झोपवा, डोकं एकाने धरा, दुसऱ्याने नाकाच्या कडेला वाटीने पाण्याची बारीक धार सोडा. डोळा जबरदस्तीने फाकवू नका. कोपऱ्यात पाणी साचलं की मूल आपोआप उघडझाप करतं आणि पाणी आत जातं. रडण्यातले अश्रूही धुवायचं काम करतात, त्यामुळे रडण्याने घाबरून थांबू नका. शॉवरखाली कडेवर घेऊन उभं राहणंही बऱ्याच मुलांना सोपं जातं. धुतल्यावर मूल खेळायला लागलं, उजेडाकडे बघतंय, तर काळजी नाही. डोळा घट्ट मिटूनच ठेवत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वेळी मुलाच्या कपाळाला आणि हातांच्या पंजांना लावूच नका. मुलं डोळे चोळतात ती पंजांनीच. टोपी, पूर्ण बाह्या आणि गालांना खनिज स्टिक एवढं पुरे. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि सुती कपडे द्यावेत.

१५. स्प्रे सोपा वाटतो. तोंडावर मारला तर?

मारू नका. डोळे मिटले तरी बारीक थेंब पापण्यांच्या केसांवर बसतात आणि डोळे उघडले की आत जातात. स्प्रेमध्ये अल्कोहोल बरंच असतं, त्यामुळे आग क्रीमपेक्षा जास्त होते, शिवाय ते श्वासातून आतही जातं. तळहातावर मारून मग चेहऱ्याला लावा. समुद्रकिनाऱ्यावर वारा कुठून येतोय ते बघून मारा, शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांचाही विचार करा.

१६. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं आणलं, तरी ओघळलं. फसवणूक झाली का?

घामाने आणि पाण्याने अजिबात न निघणारं सनस्क्रीन नसतंच. अमेरिकेच्या एफडीएने २०११ च्या नियमांत ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘स्वेटप्रूफ’ हे शब्द लेबलावर वापरायला बंदी घातली. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणता येतं, तेही ४० मिनिटं की ८० मिनिटं हे लिहूनच. आपल्याकडे ट्यूबवर मिनिटं लिहिलेली असतील तीच निवडा आणि तेवढ्या वेळाने पुसून पुन्हा लावा. चांगलं पाणीरोधक सनस्क्रीन डोळ्यात कमी येतं, पण आलं तर धुऊन जायलाही जास्त वेळ घेतं. पोहणाऱ्यांनी स्विमिंग गॉगलची रबरी कड जिथे टेकते ती जागा कोरडी ठेवावी, नाहीतर गॉगल घसरतो आणि क्लोरिनचं पाणी व सनस्क्रीन दोन्ही आत येतात.

१७. काजळ घालते. सनस्क्रीनने ते पसरतं आणि डोळेही झोंबतात.

काजळाचं तेल आणि सनस्क्रीनचं तेल एकमेकांना विरघळवतात, मग दोन्ही मिळून डोळ्यात उतरतात. पापणीच्या आतल्या कडेला काजळ घालणं उन्हात जायच्या दिवशी टाळा. अश्रूंच्या थरातलं तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं त्याच कडेवर असतात. बाहेरच्या बाजूला, सनस्क्रीन बसल्यानंतर घाला.

१८. संध्याकाळी तोंड धुते, तरी सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या, डोळे चुरचुरणारे.

साध्या फेसवॉशने पाणीरोधक सनस्क्रीन पूर्ण निघत नाही. आधी क्लेन्झिंग बाम किंवा तेलाने हलक्या हाताने सैल करा, पुसा, मग फेसवॉश. भुवयांचे केस विसरू नका. क्लेन्झर डोळ्यात जाऊ देऊ नका, तोही झोंबतो. उशीचा अभ्रा आठवड्याला बदला. यानंतरही पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे पोपडे दिसत असतील तर तो पापण्यांच्या कडेचा दाह, म्हणजे ब्लेफरायटिस असू शकतो. त्याला वेगळे उपचार लागतात आणि तो बरा झाल्याशिवाय कुठलंच सनस्क्रीन सोसणार नाही.

१९. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांच्या डोळ्यात गेलं तर धुवायचं का?

इथे प्रश्न १ मधली पद्धत वापरू नका. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देत नाहीत. मिटलेल्या पापण्या निर्जंतुक ओल्या कापसाने पुसा, डोळा दाबू नका, आणि लगेच सर्जनच्या दवाखान्यात फोन करून पुढचं विचारा. लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, झालेल्यांनाही हेच लागू आहे. खरं तर त्या काळात कपाळाला सनस्क्रीन लावायचंच नाही. टोपी, दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा आणि छत्री पुरेशी आहे. पुन्हा कधी सुरू करायचं हे सर्जनच सांगतील.

२०. ही जळजळ आहे की अ‍ॅलर्जी?

वेळ आणि खाज यावरून अंदाज येतो. जळजळ लगेच होते, आग होते, धुतलं की जाते. अ‍ॅलर्जी बहुधा एक-दोन दिवसांनी उमटते: पापण्या सुजतात, लाल होतात, खाजतात, साल निघते, आणि दोन्ही बाजूंना असते. काहींना सनस्क्रीन अधिक ऊन असं दोन्ही मिळूनच पुरळ उठतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टोक्रायलीन यासाठी ओळखले जातात. दुखऱ्या गुडघ्याला किंवा पाठीला केटोप्रोफेन असलेलं जेल लावणाऱ्यांनी ऑक्टोक्रायलीन टाळलेलं बरं, त्या दोघांची अ‍ॅलर्जी एकत्र दिसते. नवं सनस्क्रीन आधी कोपराच्या आतल्या बाजूला सलग काही दिवस लावून पाहा. पापण्या वारंवार सुजत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या, म्हणजे नेमका घटक कळतो आणि दर वेळी नवी ट्यूब विकत घेऊन फेकावी लागत नाही.

२१. एवढ्या भानगडी असतील तर लावणंच सोडलं तर? आमची त्वचा तर सावळीच आहे.

सावळ्या त्वचेला उन्हाने भाजण्याचा त्रास कमी होतो, त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाणही कमी असतं, हे खरं आहे. पण वांग आणि काळे डाग आपल्या त्वचेलाच जास्त छळतात. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात दुपारचा यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जागतिक मोजपट्टीवर ती शेवटची, अतितीव्र पायरी आहे.

तरीही, चेहऱ्याला क्रीम लावलं की घामामुळे काम करणंच अशक्य होतं अशी माणसं आहेत: शेतात राबणारी, रस्त्यावर उभे राहणारे वाहतूक पोलीस, बांधकामावरचे मजूर. त्यांना ‘दर दोन तासांनी लावा’ म्हणणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी रुंद कडेची टोपी, कपाळावरून घेतलेला पदर, मानेवर सोडलेलं उपरणं आणि यूव्ही ४०० चा गॉगल यांचा क्रम पहिला. मग जो भाग उघडा राहतो, नाक, गालांची हाडं, कान, तेवढ्याला स्टिक. यात डोळ्यात जाण्यासारखं जवळपास काही उरत नाही.

२२. नेहमी एकाच डोळ्याला त्रास होतो, उजव्या. सनस्क्रीन तर दोन्हीकडे सारखंच लावतो.

आधी हात बघा. उजवखोऱ्या माणसाचा सनस्क्रीन लागलेला उजवा हात दिवसभर उजव्या डोळ्याला जातो. त्याच कुशीवर झोपत असाल तर उशीही कारण असू शकते. हे तपासून झालं आणि आठवडाभर सनस्क्रीन पूर्ण बंद ठेवूनही तोच डोळा चुरचुरत राहिला, तर सनस्क्रीनला सोडून द्या आणि डोळा दाखवा. आत वळलेला पापणीचा केस, झोपेत पूर्ण न मिटणारी पापणी, एका बाजूची बंद झालेली अश्रुनलिका, यांपैकी काहीही असू शकतं. नेत्रतज्ज्ञांना ते स्लिट लॅम्पखाली बहुधा पहिल्याच तपासणीत दिसतं.